इंजेक्शनच्या आधी हललेली बोटं : पक्षाघाताचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६१, राहणार बाळकुम, ठाणे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त. उजवा हात कामाचा. रक्तदाब जुना, गोळ्या आठवतील तशा. माळकरी. गावच्या भजनी मंडळात तरुणपणापासून पखवाज. घरच्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पावसाळ्यातली पहाट. साडेपाचला उठायला गेले तर डावा हात उचलेना. काकूंना वाटलं, झोपेत अंगाखाली आला असेल. तेल कोमट करून चोळत बसल्या. आठच्या सुमारास चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागला तेव्हा मुलाने गाडी काढली. सकाळची वेळ, माजिवड्याचं ट्रॅफिक, हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दहा वाजले. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि हा वेळ धरतात तो माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून, म्हणजे आदल्या रात्रीपासून. झोपेत झटका आलेल्या काही रुग्णांना एमआरआय पाहून तरीही ते देता येतं. तात्यांच्या एमआरआयमध्ये मात्र मेंदूच्या उजव्या भागातली इजा पक्की झालेली दिसत होती. ती संधी हुकली. आठवडाभराने ते घरी आले ते डावा हात गळ्यातल्या झोळीत, डावा पाय ओढत, आणि बोलणं थोडं जड, अशा अवस्थेत.

मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते, बहुतेक रुग्ण पक्षाघाताचे. पहिल्या दिवशी गेले तेव्हा घरात दोन विषयांवर चर्चा चालू होती. एक, शहापूरकडच्या नातेवाइकाने सुचवलेलं कबुतराच्या रक्ताचं मालीश. दुसरा, शोकेसमध्ये देवाच्या फोटोशेजारी ठेवलेला तपकिरी अँप्यूलचा खोका. "डॉक्टर म्हणाले, ग्रोथ फॅक्टर आहे. मेंदूच्या नव्या पेशी वाढवतो," मुलाने सांगितलं. एकवीस दिवसांचा कोर्स होता, थोडा हॉस्पिटलात झालेला, उरलेला घरी नर्स येऊन सलाइनमधून देणार. काकूंची भिशी त्यात गेली होती.

कबुतर काकूंनी एका वाक्यात निकालात काढलं होतं. "माळ आहे गळ्यात, रक्त नाय लावायचं अंगाला."

आणि खोक्यातल्या माहितीपत्रकावर, मुंगीच्या अक्षरात, छापलेलं होतं की हे औषध डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून बनतं. ते सूनबाईंनी वाचलं, माझ्यासमोरच, आणि 'पोर्साइन' म्हणजे काय ते मोबाइलवर शोधलं. पुढची दोन मिनिटं त्या घरात कोणीच काही बोललं नाही. हॉस्पिटलात भरती करताना मुलाने डझनभर कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यात हे कोणी सांगितलं नव्हतं. डुकराचं असेल तर नको, हा एका माणसाचा साधा अधिकार आहे. औषधाचा गुण येतो की नाही हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

तरी तो दुसरा प्रश्न मुलाने मला विचारलाच. "ताई, पण फायदा तर होतोय ना? बोटं हलायला लागली की."

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

गर्भात मेंदू आणि मज्जासंस्था घडत असते तेव्हा चेतापेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. काही भागांत तर जवळजवळ निम्म्या पेशी पुढे मरून जातात, आणि तो बिघाड नसतो, रीतच तशी आहे. पेशीचा लांब तंतू ज्या स्नायूपर्यंत किंवा ज्या दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचतो, तिथे एक प्रथिन अगदी मोजकं मिळतं. ज्यांना ते मिळालं त्या जगतात. रेशन कमी आणि रांग मोठी, असा हा मामला. हे प्रथिन असावं असा माग पहिल्यांदा लागला तो रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांना. मुसोलिनीच्या वंशवादी कायद्यांनी ज्यू म्हणून विद्यापीठाचं दार बंद झाल्यावर त्यांनी तोरिनोतल्या घरी, झोपायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर काम चालू ठेवलं. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुइसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. १९५२ साली कर्करोगाच्या गाठी असलेले उंदीर घेऊन त्या रिओ द जानेरोला गेल्या आणि तिथल्या प्रयोगशाळेत काचेच्या तबकडीत त्यांना दिसलं की गाठीच्या शेजारी ठेवलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यातून तंतू चहूकडे फुटतात. स्टॅनली कोहेन यांनी ते प्रथिन वेगळं काढलं. तेच नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. १९८६ चं नोबेल या दोघांना मिळालं. हॅम्बर्गर राहून गेले, आणि त्यावर आजही कुरबुर ऐकू येते.

मेंदूसाठी जास्त महत्त्वाचा निघाला त्याचा भाऊबंद, बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर). १९८२ मध्ये इव्ह-आलँ बार्ड आणि हान्स थोनेन यांनी म्युनिकजवळ तो शोधला. कशातून? डुकराच्या मेंदूतून. दीड किलो मेंदू गाळून हाती आला तो एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यामुळे तात्यांच्या शोकेसमधल्या खोक्याला डुकराचा मेंदू का लागतो, यामागे इतिहास आहे. पण त्यातच खोच आहे. अखंड बीडीएनएफचं वजन साधारण २७ हजार डाल्टन (रेणूचं वजन या एककात मोजतात). या इंजेक्शनात गाळून ठेवतात ते दहा हजारांच्या आतले तुकडे आणि सुटी अमिनो आम्लं. म्हणजे मूळ घटक त्यात असायला जागाच नाही. त्याचे तुकडे त्याच्यासारखं काम करतात, असा दावा आहे. 'ग्रोथ फॅक्टर आहे' आणि 'ग्रोथ फॅक्टरसारखं वागतं असं म्हणतात' यांत फरक आहे, आणि कॉटशेजारी उभं राहून बोलताना हा फरक हमखास गळतो.

बरं, खरा बीडीएनएफ टोचला तर? तेही करून पाहिलंय. एएलएस नावाच्या, स्नायू चालवणाऱ्या पेशी मरत जाण्याच्या आजारात हजाराहून जास्त रुग्णांना तो त्वचेखाली दिला गेला. १९९९ मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही. रक्तात हे प्रथिन काही मिनिटांतच नाहीसं होतं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधली पेशींची भिंत एवढ्या मोठ्या रेणूला आत सोडत नाही. भिंत टाळून एनजीएफ थेट मेंदूच्या पोकळीत सोडण्याचा प्रयोग स्वीडनमध्ये अल्झायमरच्या तीन रुग्णांवर झाला. त्यात पाठदुखी उठली आणि वजन घटलं, कारण वेदना वाहणाऱ्या तंतूंनाही हेच प्रथिन चेतवतं. औषध म्हणून एनजीएफ यशस्वी झाला तो डोळ्यात. बुबुळाची संवेदना गेल्याने तिथे जखमा होतात, त्या आजारासाठी एनजीएफच्या थेंबांना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तिथे वाटेत भिंत नाही, थेंब टाकला की जागेवर.

म्हणजे काय टोचलं याइतकंच ते कुठे पोहोचलं आणि केव्हा, हेही पाहावं लागतं. शिवाय बीडीएनएफ एकाच रूपात नसतो. पेशी आधी त्याचं कच्चं रूप बनवते, मग कापून पक्कं. पक्कं रूप पेशीवरच्या ट्रक-बी नावाच्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटलं की जोडणी बळकट होते. कच्चं रूप दुसऱ्याच ग्राहकाला चिकटतं आणि जोडणी सैल करतं, प्रसंगी पेशी मारतंही. मेंदूला जोडण्या तोडायच्याही असतात. सरसकट सगळीकडे ओतून चालण्यातली ही गोष्टच नाही. ज्या दोन पेशींमध्ये त्या क्षणी संदेश चालू आहे, तिथे तो स्रवतो.

झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत इजेच्या काठावरच्या जिवंत भागात हे घटक मेंदू आपणहून वाढवतो. नव्या फांद्या फुटतात, झोपलेल्या वाटा जाग्या होतात. कॅनडातल्या संशोधकांनी २००४ मध्ये उंदरांना कृत्रिम झटका देऊन पाहिलं. पाचव्या दिवसापासून पंजाचा सराव दिलेल्यांत भरपूर सुधारणा झाली, तिसाव्या दिवशी सुरू केलेल्यांना सरावाचा काही फायदा दिसला नाही. तिथलाच २००९ चा दुसरा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. सराव तोच, पण मेंदूत बीडीएनएफ बनूच नये अशी सोय केली. सरावाचा फायदा पुसला गेला. म्हणजे घटक खरोखर लागतो. पण तो सरावातून बनतो.

आता तात्यांची फाइल. डिस्चार्ज समरीच्या मागे हॉस्पिटलातल्या फिजिओची नोंद लावलेली होती, निळ्या पेनाने, घाईत. दुसरा दिवस : डावा खांदा बाजूला किंचित उचलतो, डाव्या बोटांचं उघडणं सुरू. पुढचं पान औषधांच्या तक्त्याचं. इंजेक्शनचा पहिला डोस : चौथा दिवस.

मी मुलाला दोन्ही पानं शेजारी ठेवून दाखवली. बोटं बाटलीच्या आधी हलली होती.

ही नोंद साधी दिसते, पण आमच्या कामात तिच्याइतकी मोलाची दुसरी नोंद नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की दुसऱ्या दिवशी बोटं थोडी उघडता येत असतील आणि खांदा बाजूला उचलता येत असेल, तर सहा महिन्यांनी हाताने काही ना काही काम करता येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही नसतील तर २५ टक्के. तात्या पहिल्या गटातले. त्यांचा हात सुधारण्याची दाट शक्यता दुसऱ्याच दिवशी दिसत होती. त्यानंतर त्यांना नारळपाणी दिलं असतं तरी श्रेय नारळपाण्याला गेलं असतं.

म्हणून औषधाचा कस एका रुग्णावर लागत नाही. मोठ्या चाचण्या काय म्हणतात? आशियात १०७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१२ मध्ये आला, दोन्ही गटांत फरक नाही. २०१६ मध्ये २०८ रुग्णांच्या चाचणीत, एकवीस दिवस इंजेक्शन आणि सोबत व्यायाम, हाताच्या कामात चांगला फरक दिसला. तात्यांच्या डॉक्टरांनी याच अभ्यासावर भिस्त ठेवली असावी आणि ते अगदीच निराधार नव्हतं, हे म्हटलं पाहिजे. पण २०२३ मध्ये कॉक्रन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा मृत्यू टाळण्यात बहुधा फायदा नाही आणि जिवावर न बेतणारे पण गंभीर दुष्परिणाम वाढत असावेत, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची या औषधाला मान्यता नाही. आपल्याकडे ते सर्रास मिळतं.

मुलाने डॉक्टरांना फोन केला. मी कोर्स थांबवा असं म्हटलं नव्हतं. ते माझ्या अखत्यारीत नाही, विचारा एवढंच सांगितलं. डॉक्टर सरळ बोलले. "नको असेल तर बंद करा, हरकत नाही. तोटा काही नसतो, नातेवाइकांनाही काहीतरी केल्याचं समाधान असतं." तोटा नसतो हे मला तितकंसं पटत नाही, भिशी गेलीच की. खोका शोकेसमधून निघाला. तात्यांनी एवढंच विचारलं, "झाल्या त्या झाल्या. आता पुढं काय?"

पुढे पखवाज होता.

हे मला सुचलेलं नाही. खोलीत कोपऱ्यात खोळ घातलेला पखवाज होता, आणि तात्यांची नजर डावीकडे कमी जायची, झटक्यानंतर डावी बाजू जगात नसल्यासारखं होतं तसं. ताटातल्या डाव्या बाजूची भाजी तशीच राहायची. पण पखवाज मांडीपुढे आडवा ठेवल्यावर धुमा, म्हणजे त्याचं खर्जाचं तोंड, डावीकडेच येतो, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने मान तिकडे वळली. मग मी बाकीचे प्लास्टिकचे शंकू आणि रंगीत रिंगा पिशवीतच ठेवले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणीक लावतात. ते काम आम्ही पूर्ण डाव्या हाताला दिलं. कणकेत पाणी टाकून तिंबायची, गोळा करायचा, धुम्यावर थापायचा, बोटांनी कडेपर्यंत पसरायचा. गोळा करायला मूठ लागते, आणि पक्षाघाताच्या हाताला मूठ फुकट मिळते; अडतं ते उघडण्यात. पसरताना बोटं उघडावीच लागतात. वाजवून झाल्यावर कणीक खरवडून काढायची, त्यात अंगठा. सुरुवातीला कणकेचा अर्धा भाग मनगटावर आणि चादरीवर. काकू वैतागायच्या, पण चादर बदलायच्या.

वाजवण्यात एक गंमत लक्षात आली. डाव्या हाताचा बंद बोल, 'क', लवकर जमला, कारण पंजा सोडून द्यायचा आणि तिथेच राहू द्यायचा. खुला 'ग' येईना. आघात करून पंजा लगेच उचलावा लागतो, नाहीतर नाद दबतो. मनगट मागे वळवण्याची ताकद किती आली हे मला मोजपट्टीआधी कानाने कळायचं. तात्यांनाही कळायचं, आणि ते स्वतःवर चिडायचे. मी म्हणण्याआधी पुन्हा वाजवायचे.

हे 'पुन्हा' महत्त्वाचं. अमेरिकेत २००९ मध्ये पक्षाघाताच्या व्यायामसत्रांची पाहणी झाली, त्यात हाताने खऱ्या कामाची हालचाल एका सत्रात सरासरी ३२ वेळा होत होती. उंदरांच्या प्रयोगात हाच आकडा शेकड्यांत असतो. आपण प्राण्यांवरचा पुरावा सांगतो आणि माणसाला त्याचा दहावा हिस्साही देत नाही. भजनाच्या एका अभंगात डावा पंजा किती वेळा पडतो ते मोजायला सूनबाईंनी वही घातली आणि दोन दिवसांत सोडून दिली, मोजत बसण्याची गरजच राहिली नाही.

सोबत आणखी दोन गोष्टी केल्या. दिवसातून काही तास उजव्या हातात ओव्हनचा जाड हातमोजा, म्हणजे चहा, दार, रिमोट सगळं डाव्यावर. ही जुनी पद्धत आहे; २००६ मध्ये २२२ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ती सिद्ध झाली, पण बोटं आणि मनगट थोडं तरी उघडत असेल तरच. ज्यांचा हात पूर्ण लुळा आहे त्यांच्यावर ती लादणं म्हणजे छळ. आणि डावा खांदा : पाहुण्यांनी हात धरून उठवायचा नाही, ही सक्त ताकीद. ओढलेला खांदा दुखायला लागला की सराव बुडतो, आणि सराव बुडाला की हे हातचे आठवडे जातात.

लवकर म्हणजे किती, यावर घाईची मतं फार ऐकू येतात. २०१५ च्या अवर्ट चाचणीत, दोन हजारांवर रुग्ण, पहिल्या चोवीस तासांतच वारंवार उठवून उभं केलेल्यांचं उलट कमी भलं झालं. आणि २०२१ मध्ये ७२ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात वीस तासांचा जास्तीचा सराव दिला, तो प्रत्येकाने स्वतः निवडलेल्या कामांचा. सर्वाधिक फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यात दिसला. सहा महिन्यांनंतर तोच सराव दिलेल्यांत तसा फरक पडला नाही. तात्यांच्या वेळापत्रकात मी त्या टप्प्यावर सर्वाधिक भर दिला, आणि नेमके तेव्हाच गणपती आले. मंडळाने त्यांना आरतीला बसवलं. दुसऱ्या पखवाजवाल्याने शेजारी बसून सांभाळून घेतलं.

मुलगा मध्ये बीडीएनएफची रक्ततपासणी करू या म्हणत होता, घटक वाढतोय का ते कळेल म्हणून. मी नको म्हटलं. रक्तातला बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठलेला असतो आणि रक्त गोठताना सुटतो. त्यावरून तात्यांच्या मेंदूत काय चाललंय हे कळत नाही. 'ब्रेन बूस्टर' कॅप्सूलही त्याच संभाषणात बाद झाल्या.

आता हिशेब. हाताच्या हालचालीचं एक मापन आम्ही वापरतो, फुगल-मेयर, पैकीच्या पैकी ६६. हॉस्पिटलातल्या पहिल्या आठवड्याची नोंद २०. तिसऱ्या महिन्यात ३९. सहाव्या महिन्यात ४७. घरच्यांना हा आकडा मोठा वाटला आणि आहेच. पण एक ढोबळ आडाखा आहे : ज्यांचा हात पूर्ण लुळा नसतो ते गमावलेल्यापैकी साधारण ७० टक्के आपणहून परत मिळवतात. या आडाख्यावर गेल्या काही वर्षांत गणिती आक्षेप आले आहेत, तरी अंदाजाला चालतो. त्या हिशेबाने तात्या ५२ पर्यंत जायला हवे होते.

म्हणजे इंजेक्शनने चमत्कार केला नाही, हे या आकड्यांवरून म्हणता येईल. पण मग पखवाजाने केला असंही म्हणता येणार नाही, आणि माझ्या फीलाही हाच न्याय लागू होतो. सरावाशिवाय तात्या ३५ वर अडकले असते की ४७ वरच आले असते, हे एका माणसावरून ठरवता येत नाही. मला त्यांच्या कणकेवर भरवसा आहे तो उंदरांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्यांमुळे. त्यांचा हात पाहून नव्हे.

आज काय येतं : शर्टाची बटणं, वरचं सोडून. ताट धरणं. गाडीचं दार. धुम्याचा खुला बोल, विलंबित लयीत. काय येत नाही : द्रुत लय, मोबाइलवर डाव्या अंगठ्याने टाइप करणं, थंडीत सकाळी बोटं पटकन सोडणं. स्नायू ताठरतात, त्यासाठी बोटॉक्सचा विचार डॉक्टरांशी चालू आहे. दुसरीकडून कोणीतरी स्टेम सेलचं सुचवलं होतं. आपल्याच देशात १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या पेशी देऊन चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. यावेळी मुलाने मला विचारण्याआधीच वाचून ठेवलं होतं.

मला धास्ती आहे ती दुसऱ्या झटक्याची, आणि तिचा ग्रोथ फॅक्टरशी संबंध नाही. एकादशीला तात्या रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत नव्हते. उपास मोडतो म्हणून. महिन्यात दोन एकादश्या. काकूंना हे ठाऊक होतं, पण त्यांनाही ते बरोबरच वाटत होतं. मी सांगून ऐकलं नाही, डॉक्टरांनी सांगून हो म्हटलं आणि घेतली नाही. शेवटी मुलाने त्यांच्या कीर्तनकार महाराजांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. महाराज म्हणाले, औषधाने उपास मोडत नाही, पाण्याबरोबर घ्या. गेल्या एकादशीला गोळ्यांच्या पाकिटातले त्या दिवशीचे दोन्ही कप्पे रिकामे होते, मी तपासले.